प्रश्नावली क्रमांक एक्क्याऐंशी ते शंभर

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी कॉलेजात पहिला गृहपाठ दिला आणि त्यात माझ्या पतीचे जाहीर आभार मानले. "माझे पती सावलीसारखे माझ्या पाठीशी उभे राहिले आणि सासूबाईंनी मुलांना सांभाळले, म्हणूनच हे लेखन पूर्ण होऊ शकले," असं त्यात स्वच्छ टाईप केलेलं होतं. दळवी मॅडमनी ते वर्गात मोठ्याने वाचलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला, 'पती' या शब्दाभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढला आणि हळूच विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. गडबड दुकानात होती.

नगरमध्ये एका कॉलेजच्या फाटकासमोर माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं मी लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध टाईप करतोय. हाताने लिहिलेलं गाठोडं माझ्याकडे येतं आणि रेक्झिनच्या काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बाहेर पडतं. मधल्या काळात काय होतं ते सहसा कोणी विचारत नाही. प्रबंधात 'ऋणनिर्देश' नावाचं एक पान असतं. संपूर्ण प्रबंधातलं सगळे वाचतात ते हे एकच पान, आणि तेच कोणाला लिहिता येत नाही. म्हणून मी चार नमुने तयार ठेवलेत: विवाहित पुरुष, विवाहित स्त्री, अविवाहित, आणि मार्गदर्शकाशी भांडण झालेले. चौथ्या नमुन्यात मार्गदर्शकांचे आभार सर्वांत लांबलचक आहेत. गृहपाठ संपवायच्या घाईत मी हाताच्या सवयीने दोन नंबरचा नमुना चिकटवला होता, एवढंच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक जण निष्कर्ष आधी टाईप करून घ्यायचे. म्हणायचे, "बाळासाहेब, एकदा पोचायचं कुठं ते ठरलं की गाडी कशीही नेता येते." एकांनी प्रिंटरला नारळ फोडला आणि त्याचं पाणी प्रिंटरमध्ये गेलं. बहुतेकांना पानं कमी पडायची. मग मी दोन ओळींमधली जागा थोडी वाढवायचो, समास थोडे आत घ्यायचो आणि एकशेऐंशी पानांचं ज्ञान अडीचशे पानांचं व्हायचं. या जिल्ह्यात ज्ञानाची जी काही वाढ झाली, तिच्यात माझा एवढा वाटा आहे. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं. त्या महिन्यात तीन प्रबंधांचे पुठ्ठे जुन्या नावाने छापून तयार होते. ते अजून दुकानात आहेत, मी त्यांवर पोळीचा डबा ठेवतो.

एवढं करून मी 'संशोधन लेखन आणि पुनर्लेखन' या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला का गेलो, याचं खरं कारण सांगतो. कॉलेजने तो नव्याने सुरू केला, कोणाही पदवीधराला खुला. मला वाटलं, प्रमाणपत्र मिळालं की दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावीन. पोरं हल्ली मोबाईलवरच टाईप करतात, त्यांना तेवढाच धाक. आणि शिकायचं काय त्यात, असाही माज होता. शेकडो प्रबंध माझ्या बोटांखालून गेलेले.

दळवी मॅडम तिशीच्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नोकरी नव्याने लागायची, लागली तर. मी पहिला मसुदा दिला तो "प्राचीन काळापासून मानवाला विश्रांतीची गरज भासत आली आहे" असा सुरू होत होता. हे वाक्य मी निदान चाळीस प्रबंधांत टाईप केलेलं, त्यामुळे खात्रीचं. मॅडमनी समासात लिहिलं, "कोण म्हणतं?" पुढच्या वाक्याशेजारी, "कशावरून?" पहिलं पान आडवी रेघ मारून कापलं, दुसरं कापलं, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर लिहिलं, "इथून सुरू करा." मी पानं वाढवणारा माणूस. माझ्या डोळ्यांदेखत अकरा पानांची चार झाली.

"लिहिणं म्हणजे काय, ते सगळ्यांना येतं," मॅडम म्हणायच्या. "परत लिहिणं अवघड. कारण तेव्हा स्वतःचंच लिहिलेलं खरं आहे का, ते विचारावं लागतं."

ते मी वहीत उतरवून घेतलं. पुढे अंगाशी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

शेवटी वीस पानांचा प्रकल्प द्यायचा होता. विषय मी निव्वळ आळसाने निवडला. माझं गाव पाथर्डीकडे, तिसगावच्या बाजूचं. तिकडच्या ऊसतोड कामगार बायकांना मोकळा वेळ मिळतो का, मिळाला तर त्या तो कुठे घालवतात, असा विषय घेतला. कारण याच विषयावरचा एक नावाजलेला प्रबंध माझ्या कॉम्प्युटरमध्येच पडून होता. तो मीच टाईप केलेला. लेखकाला आपण काळे सर म्हणू. नगर जिल्ह्यात काळे इतके आहेत की त्या नावाने कोणाचं नुकसान व्हायचं नाही.

आता काळे सरांची गोष्ट. पंधराएक वर्षांपूर्वी ते साधे लेक्चरर होते. ऊसतोडीला जाणाऱ्या शंभर बायकांकडून प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. प्रश्नावली म्हणजे छापील प्रश्नांचा कागद, रकाने भरायचे. सर दिवाळीची सुट्टी संपवून, नवे बूट घालून पाथर्डीकडच्या गावांत पोचले. गावांत कुलपं. ऊसतोडीचा अभ्यास करायला निघालेला माणूस नेमका बायका ऊस तोडायला गेल्यावर गावात आला होता. एका म्हाताऱ्याने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "सायेब, आता पाडव्यानंतर या. आता गावात मी हाय अन् कुत्री हायेत."

पाडव्यापर्यंत थांबायला सरांना सवड नव्हती. प्रबंध शिमग्याच्या आत द्यायचा होता. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या, बाळंतिणी अशा करून साठ कागद भरले. उरलेले चाळीस कोरे कागद घेऊन सर माझ्या दुकानात आले. "बाळासाहेब, तुम्ही तिकडचेच. तुम्हाला सगळं ठाऊक. जरा बघा."

'जरा बघा' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जड वाक्य. मी बघितलं. एका रविवारी दुपारी घरी बसून एकसष्ट ते ऐंशी नंबरचे कागद मी भरले. तीन रंगांची पेनं घेतली, काही डाव्या हाताने लिहिले, चारदोन कागदांवर चहाचा कप टेकवला. खेड्यातून आलेला कागद अगदी निर्मळ कसा असेल. माझ्या वीसही बायका पस्तिशीच्या, दोन मुलांच्या आणि मोकळ्या वेळात भजन करणाऱ्या निघाल्या. तासाभरात काम उरकलं. एक्क्याऐंशी ते शंभर मी मंदाला, म्हणजे बायकोला दिले, कारण अक्षर वेगळं दिसायला हवं. तिने तीन दिवस लावले. मी म्हणालो, "अगं, दहावीचा पेपर नाही तो." ती म्हणाली, "तुमचं झालं ना? मग गप बसा."

प्रबंध गाजला. त्यात सरांनी एक नवी संकल्पना मांडली होती: 'प्रतीक्षाधिष्ठित विश्रांती'. म्हणजे असं की, कष्टकरी स्त्रीला स्वतःचा वेळ मिळतो तो फक्त कशाची तरी वाट बघताना. पान एकशे त्रेचाळीसवर एका ऊसतोड कामगार स्त्रीचे शब्द म्हणून एक वाक्य दिलं होतं. मोकळा वेळ कुठे घालवता, या प्रश्नाचं उत्तर: "गिरणीत. नंबर येईपर्यंत कोणी काही मागत नाही." त्या एका वाक्यावर सरांनी अडीच पानं लिहिली. पुढे तेच वाक्य मी इतरांच्या बारा-तेरा प्रबंधांत टाईप केलं. काळे यांच्या मते, काळे म्हणतात, काळे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे. सर यथावकाश दुसऱ्या कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचे विद्यार्थी टायपिंगला माझ्याकडेच यायचे. माझं निम्मं दुकान त्यांच्यावर चालायचं.

मीही माझ्या प्रकल्पात लिहिलं, "काळे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे." मॅडमचं लाल पेन समासात आलं: "तुम्हाला हे तिसगावात आढळलं का? काळे यांना कशावरून आढळलं? मूळ प्रश्नावल्या कुठे आहेत?"

आधी तिसगावात गेलो. या वेळी पाडव्यानंतर, म्हणजे निदान तेवढं तरी मी काळे सरांकडून शिकलो होतो. आमच्या भावकीतली कौसाबाई, तीस वर्षं ऊस तोडलेली बाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी वही काढली आणि विचारलं, "काकू, मोकळा वेळ कुठं घालवता?"

"मोकळा येळ?" ती म्हणाली. "आन तुझ्या दुकानातनं थोडा. टाईप करून दे."

"तसं न्हाई. गिरणीत बसता का, दळणाला?"

तिने शेंग खाली ठेवली. "बसायचो की. लई बसायचो. पन आता सुनंनं घरघंटी घेतली. दारातच दळनं. नंबर बी न्हाई, बसनं बी न्हाई. पीठ बारीक येतं, तेवढं खरं."

घरघंटी म्हणजे घरात ठेवायची छोटी विजेची गिरणी. माझ्या मुलीने पुण्याहून आम्हालाही एक पाठवायची ठरवली होती. मंदाने नको म्हणून सांगितलं. मी ते स्वयंपाकघरातल्या जागेच्या अडचणीवर घातलं होतं. जास्त विचार केला नव्हता. विचार करायचा अभ्यासक्रम मी नुकताच लावला होता.

मग मूळ प्रश्नावल्या. त्या दुकानाच्या पोटमाळ्यावरच होत्या. बाइंडिंग झाल्यावर उरलेली रद्दी गिऱ्हाईक कधी नेत नाही. धूळ झटकून गठ्ठा सोडला. साठ खऱ्या कागदांत गिरणीचं नावही नव्हतं. माझ्या वीस बायका भजनात दंग होत्या. एक्क्याऐंशी नंबर उचलला. मंदाचं अक्षर. मोकळा वेळ कुठे घालवता? "गिरणीत. नंबर येईपर्यंत कोणी काही मागत नाही."

बारा-तेरा प्रबंधांत टाईप केलेलं वाक्य. त्या प्रत्येक वेळी ते बोलणारी बाई घरी माझा डबा भरत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. "मॅडम, मूळ प्रश्नावल्या माझ्या पोटमाळ्यावर आहेत. त्यातल्या चाळीस माझ्याच घरी भरल्यात."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "काका, म्हणजे या विषयात तुम्ही आता संशोधक नाही. तुम्ही पुरावा आहात."

"मग तो भाग गाळू का?"

"तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून काळे सर येणार आहेत. तुम्हाला प्रमाणपत्र हवंय, मला पुढच्या जूनमध्ये काम हवंय. तेव्हा मी काहीच सांगत नाही, तुम्ही ठरवा." मग म्हणाल्या, "लिहिणार असाल तर मात्र नीट लिहा. तुमच्या मिसेसची मुलाखत घ्या. दिवस, वेळ, जागा टाका."

मुलाखत झाली आमच्या स्वयंपाकघरात, दुपारी तीन वाजता. मंदा मेथी निवडत होती. मी समोर वही घेऊन बसलो आणि घसा साफ केला.

"असं काय बघताय?" ती म्हणाली. "साखर वाढली का पुन्हा?"

मी कागद पुढे केले. तिने एक बघितला, दुसरा बघितला आणि हसली. "अगं बया. हे अजून हायेत?"

"यातलं तू खोटं किती भरलं होतंस?"

"खोटं तुमी भरलं. मी न्हाई." तिने मेथीची काडी बाजूला टाकली. "वर छापलंय बघा. कृपया खरी माहिती भरावी. म्हणून खरी भरली."

ते वाक्य मीच टाईप केलं होतं. सगळ्या प्रश्नावल्यांवर करतो.

"पण वीस बायका तू आणल्यास कुठून?"

"गिरणीच्या मागं वस्ती हाय की. समद्या तुमच्याच पाथर्डीकडच्या, ऊस सोडून नगरात कामाला आलेल्या. दळण घेऊन यायच्या. तीन दिस बसले त्यांच्यासंगं, ईचारलं अन् लिवलं. त्याबिगर तीन दिस कशाला लागतील?" मग एक्क्याऐंशी नंबरवर बोट ठेवून म्हणाली, "हा तेवढा माझा."

"तू कुठं ऊस तोडलास?"

"न्हाईच तोडला. कामाच्या रकान्यात घरकाम लिवलंय. वाचायचं काम तुमचं हुतं, का माझं?"

कागदावर खरंच 'घरकाम' लिहिलं होतं. काळे सरांनी वाचलं नाही, मी वाचलं नाही, त्यानंतरच्या कोणी वाचायचा प्रश्नच नव्हता.

चार दिवस मी तो परिच्छेद लिहीत आणि पुसत होतो. सरांचे विद्यार्थी गेले तर दुकानाचं काय, हे एकीकडे. मॅडमच्या जूनचं काय, हे दुसरीकडे. एकदा तर 'काही प्रश्नावल्या अन्य मार्गाने उपलब्ध झाल्या' असंही लिहून बघितलं. पंचवीस वर्षांत असली वाक्यं मी किती गुळगुळीत करून दिली असतील. पण समासात 'कोणत्या मार्गाने?' असं लाल पेन आपोआप दिसायला लागलं. या अभ्यासक्रमाचं हे फार वाईट आहे, पेन डोक्यात जाऊन बसतं. शेवटी सरळ लिहिलं: आधीच्या अभ्यासातल्या वीस प्रश्नावल्या प्रस्तुत लेखकाने घरी बसून खोट्या भरल्या. पुढच्या वीस त्याच्या पत्नीने प्रत्यक्ष विचारून भरल्या. पान एकशे त्रेचाळीसवरचं वाक्य तिचं स्वतःचं आहे आणि ती ऊसतोड कामगार नाही.

तोंडी परीक्षेला काळे सर आले. पोहे खाल्ले, माझी पाठ थोपटली, "बाळासाहेब, या वयात, वा," म्हणाले आणि प्रकल्प उघडला. सतराव्या पानावर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान तेच होतं.

"हा परिच्छेद विषयाला सोडून वाटतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुनर्लेखनात गाळता येईल. अनावश्यक ते गाळायचं, असंच शिकवलं असेल ना, मॅडम?"

"हो सर," दळवी मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्य पुरं केलं त्यांनी. "गाळायचं असेल तर का गाळलं, ते समासात लिहायचं, असंही शिकवलंय. आपण लिहून देता का?"

सरांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून दिलं. पुढचे प्रश्न त्यांनी समासांच्या रुंदीबद्दल विचारले. त्यात मी पक्का होतो.

बाहेर पडताना व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. मी मार खायच्या तयारीत. ते म्हणाले, "खोट्या तू भरल्यास हे मला ठाऊकच होतं. सगळ्या भजन करणाऱ्या. पण गिरणीचं वाचलं तेव्हा वाटलं, साठ खऱ्यांतलं असेल. माझी आई गिरणीत अशीच बसायची, रे. दळण झालं तरी बसायची." मग म्हणाले, "ते वाक्य मी दिल्लीपर्यंत वाचून दाखवलंय. आता काय करू?"

"माझ्या बायकोचे आभार मानता येतील, सर," मी म्हणालो. "नमुना आहे माझ्याकडे."

ते हसले नाहीत. विनोद बरा होता, असं माझं अजूनही मत आहे.

मला 'ब' श्रेणी मिळाली. शेरा होता, 'भाषा साधी.' प्रमाणपत्र गणपतीशेजारी लावलंय. काळे सरांचे विद्यार्थी आता कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. सर रागावले की लाजले, ते मला अजून कळलेलं नाही. दळवी मॅडमना जूनमध्ये आमच्या कॉलेजने बोलावलं नाही. त्या नेवाशाला शिकवतात आणि तिथून त्यांची पोरं टायपिंगसाठी नगरला, माझ्याकडे पाठवतात. त्या पोरांच्या मसुद्यांत समासभर लाल पेन असतं. पानं वाढवून द्या, असं त्यातलं एकही म्हणत नाही. 'जरा बघा' म्हणणारा आला की मी त्याला प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो. चाळीस कागदांचं जे झालं ते मात्र त्याने पुसलं जात नाही, हे मला कळतं.

प्रकल्पाची एक प्रत मी घरी नेली. संदर्भसूचीत मंदाचं पूर्ण नाव होतं. पुढे मुलाखत, स्वयंपाकघर, दुपारी तीन. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि प्रत देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. मला फार बरं वाटलं. वाटलं, माणूस शिकतो, या वयातही शिकतो. तेव्हा शनिवारी सकाळी मी कोणी न सांगता उठलो, गव्हाचा डबा उचलला, पायात चप्पल सरकवली आणि जाहीर केलं, "आजपासून दळण मी नेणार."

मंदा दारात आडवी उभी राहिली. "ठेवा तो डबा खाली," ती म्हणाली. "वीस पानं लिवली तुमी. त्यातलं एक तरी वाचा."